आईच्या हातातली सुई

श्रोतेहो, नमस्कार. गंभीर आजार असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांबद्दल आज बोलायचं आहे. मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली आणि अशा शिबिरांत औषधपाण्याची जबाबदारीही मी सांभाळली.

'अशा मुलाला आमच्याशिवाय कसं पाठवायचं?' आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो. एका आईने मुलासोबत अकरा पानी चिठ्ठी दिली होती. औषधांच्या वेळा, कशाने पोट बिघडतं, कुठल्या हाताची शीर लवकर सापडते... मी ती दोनदा वाचली. एकही ओळ जास्तीची नव्हती.

शिबिरांची ही कल्पना जुनी आहे. १९२२ साली इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. त्याआधी मधुमेही मुलांना अर्धपोटी ठेवून कसंबसं जगवत. आणि १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अशाच मुलांचं शिबिर भरलंसुद्धा! पुढे १९८८ मध्ये अभिनेते पॉल न्यूमन यांनी कनेक्टिकटमध्ये कॅन्सर आणि रक्ताचे आजार असलेल्या मुलांसाठी शिबिर सुरू केलं. मुलांच्या घरच्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हा तिथला नियम. त्यातून उभं राहिलेलं शिबिरांचं जाळं आज कितीतरी देशांत पसरलं आहे.

मुलं हुंदडत असतात, तेव्हा त्यामागे केवढी तयारी असते! सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांना गार पाण्याने असह्य वेदना सुरू होऊ शकतात, म्हणून पोहण्याच्या तलावाचं पाणी कोमट लागतं. मधुमेही मूल दिवसभर धावलं की रक्तातली साखर रात्री झोपेत उतरते. म्हणून इन्सुलिनचा डोस आधीच बेताने द्यायचा आणि मध्यरात्रीनंतर टॉर्च घेऊन खाटेखाटेशी जाऊन साखर तपासायची. बोटाला सुई टोचली तरी बरीचशी मुलं जागीही होत नाहीत.

सगळ्यांनाच असं एकत्र आणता येत नाही, हेही सांगायला हवं. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या आजारात एका मुलाकडचे जंतू दुसऱ्याला जिवावरचे ठरू शकतात. हे लक्षात आल्यावर त्यांची शिबिरं बंद करावी लागली. मला त्याचं फार वाईट वाटतं, पण निर्णय योग्यच होता.

आता त्या अकरा पानांच्या मुलाबद्दल. वय दहा, आजार हिमोफिलिया. या आजारात रक्त लवकर गोठत नाही, सांध्यांत रक्तस्राव होतो. म्हणून रक्त गोठवणारा फॅक्टर आठवड्यातून तीनदा शिरेतून द्यायचा. घरी हे काम आईचं. पहिल्या दिवशी मी सुई लावली, तर त्याने मान फिरवून डोळे घट्ट मिटले.

समोरच्या बाकावर त्याच्याहून लहान, आठेक वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने बाटलीतली पावडर पाण्यात विरघळवली, न हलवता, दोन तळव्यांत अलगद फिरवून. दंडाचा पट्टा दातांनी ओढला. शीर चाचपली, सुई घातली. नळीत लाल ठिपका दिसताच म्हणाला, "आली!" आमच्या मुलाचे डोळे एव्हाना उघडले होते.

वॉर्डात मी असंख्य मुलांना समजावलं आहे, चित्रं दाखवली आहेत. पण आपल्यासारख्याच एका पोराला हे जमतं, असं डोळ्यांनी पाहणं निराळंच. शाळेत अख्ख्या वर्गात हिमोफिलियाचा तो एकटा. इथे जेवणाच्या टेबलावर तसे सहाजण!

दुसऱ्या वेळी त्याने स्वतः प्रयत्न केला. शीर निसटली, हात काळानिळा झाला, तो रडला. मी सुई परत हातात घेतली आणि त्याला घाई केली नाही.

शेवटच्या दिवशी आई न्यायला आली, तेव्हा फॅक्टरची वेळ झालेली होती. तिने सवयीने पट्टा उचलला. त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "आई, तू नुसता कापूस धर."