तिथी पाहून भरलेली बाटली

(फोंडा तालुक्यातील बोरी गावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे यायच्या आधी पाचच्या सुमाराला मी खाली जुवारी नदीवर जाऊन आलो. काठावर उभा होतो तेव्हा माडाचं एक चुडत वाहत चाललं होतं. कुठल्या दिशेला? समुद्राकडे नव्हे, वर, सांग्याकडे. तुमच्यापैकी कुणालाच याचं नवल वाटलं नाही, हे तुमच्या चेहऱ्यांवरून कळतंच आहे. पण मी ज्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली, तिथे या एका गोष्टीचं नवल न वाटण्याइतका शहाणा व्हायला मला सात-आठ वर्षं लागली.

आज दशमी. वडीलधाऱ्यांना सांगायची गरज नाही, पोरांसाठी सांगतो. तिथीची पाऊणपट करायची. दहाचे साडेसात. म्हणजे नदीच्या तोंडाशी साडेसातच्या सुमाराला भरती पूर्ण होणार, आणि बोरीपर्यंत चढून यायला तिला आणखी वेळ लागणार. हिशोब ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. पण आजचं माझं बोलणं त्यावरच उभं आहे.

नव्या पुलाची चर्चा तुमच्याकडे बरीच वर्षं चालली आहे. पलीकडे लोटलीच्या शेतकऱ्यांनी खाजनांसाठी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांसाठी, आवाज उठवला, तेही तुम्ही पेपरात वाचलंय. पूल हवा की नको, यावर मी बोलणार नाही. त्यात इथे बसलेल्यांचे दोन तट आहेत, हे मला मघाशी चहा पितानाच कळलं. नदीत किंवा नदीकाठी बांधकाम चालू असतं तेव्हा पाण्याचं काय होतं आणि ते आपण कसं ओळखायचं, एवढाच माझा विषय.

एक जुनी फजिती सांगतो. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. एका पुलाच्या पायाचं काम चालू होतं, कुठल्या ते सोडा. मला सांगितलं होतं, कामाच्या वरच्या अंगाला एक नमुना घे, खालच्या अंगाला एक. वरचं पाणी म्हणजे स्वच्छ, खालचं म्हणजे काम होऊन आलेलं. दोन्हींतला फरक म्हणजे कामाचा दोष. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं, आणि सह्याद्रीतल्या नदीसाठी ते बरोबरही आहे. मी होडीतून दोन बाटल्या भरल्या, सोबतच्या यंत्रावर गढूळपणा मोजला, तर वरचं पाणी खालच्यापेक्षा चौपट गढूळ! मला वाटलं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्याच बदलल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा तेच. होडी वल्हवणारे काका वल्हं आडवं ठेवून माझी गंमत बघत होते. शेवटी म्हणाले, "भरती लागल्या न्हू रे, उदक वयर वता!"

पाणी वर चाललं होतं. कामाचा सगळा गाळ 'स्वच्छ' जागेकडे सरकत होता. मी 'दूषित' म्हणून भरत होतो ते समुद्राकडून आलेलं बरं पाणी होतं. सकाळी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आलो असतो तर आकडे उलटे निघाले असते.

आपल्याकडे दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे पाण्याची दिशा दिवसातून चारदा बदलते. गोव्याच्या किनाऱ्याला उधाणाच्या वेळी पाणी साधारण दोन मीटरनं चढतं-उतरतं. मांडवी आणि जुवारी दोन्हींत ही ये-जा आत खूप लांबवर पोचते, आणि दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आहेच. अशा नदीत वरचं-खालचं ही भाषा टिकत नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना मोजावं लागतं, भरतीतही आणि सुकतीतही. आणि एक जागा इतकी लांब धरावी लागते की कामाचा गाळ तिथवर पोचणारच नाही. त्याशिवाय नदीचा स्वतःचा रंग कळत नाही.

आता यातली गोम ऐका. बऱ्याच कामांवर दर १५ दिवसांनी नमुने घेतात. दर दुसऱ्या सोमवारी सकाळी दहाला माणूस येतो, बाटल्या भरतो, जातो. नियमित काम, कुणाला नावं ठेवायला जागा नाही. पण १५ दिवसांनी तिथी जवळजवळ तीच येते ना? शुद्ध पंचमीनंतर वद्य पंचमी. म्हणजे घड्याळात दहा वाजता भरती-सुकतीही जवळपास तीच. पहिल्या दिवशी तो सुकतीत आला असेल, तर पुढचे दोन-तीन महिने तो सुकतीतच येत राहतो. भरतीत नदीचं काय होतं ते त्याच्या कागदावर कधी चढतच नाही. यात लबाडी असेलच असं नाही. त्या माणसाच्या घरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं, पण प्रयोगशाळेतल्या भिंतीवर नसतं, इतकंच.

म्हणून मी नवीन मुलांना सांगायचो, बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिता तशी तिथी आणि पाण्याची दिशा लिहा. मुलं हसायची. नंतर लिहायला लागली.

आता काय मोजायचं. सगळ्यात आधी गढूळपणा, कारण तो डोळ्यांना दिसतो. नळाच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने तो १ एकक ठरवलाय, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यायचं. नदी काही नळ नव्हे, नदीत त्याहून कितीतरी जास्त असतो. पण ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रात खांडेपार नदीचं पाणी उचलून फोंड्याला नि पणजीच्या तिसवाडी तालुक्याला पाजतात तिथे नदीचा गाळ वाढला की तुरटी वाढवावी लागते, गाळण्या तुंबतात. क्लोरीनचंही बळ कमी पडतं, कारण जंतू मातीच्या कणांआड दडतात. पंचवीस किलोमीटर वर कुणी डोंगर कापला तर त्याचा जाब पणजीतल्या नळाला द्यावा लागतो, तो असा.

गढूळपणा मोजायला यंत्र नसेल तर थाळी चालते. १८६५ साली इटलीत सेक्की नावाच्या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून समुद्रात थाळ्या सोडून पाहिल्या, तेव्हापासून ही रीत आहे. २० सेंटिमीटर व्यासाची थाळी, काळे-पांढरे चार भाग, मध्ये दोरी, खाली वजन. दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ. थाळी सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. शाळेतली मुलंसुद्धा करतील. मी तर म्हणतो त्यांनीच करावं. मोठी माणसं दुसऱ्या आठवड्याला कंटाळतात.

पण हे कधीपासून करायचं? काम सुरू झाल्यावर नव्हे, आधी. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा आधी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर डोंगरावरची जांभ्याची माती नदीत येते. खाणी ज्या भागात होत्या आणि आहेत तिथे तर नदी तांबडीलाल होते, हे पाहतच आपण मोठे झालो. उद्या काम करणाऱ्यांना विचारलंत, पाणी तांबडं का? ते म्हणणार, नदी तांबडीच असते. आणि ते खोटंही नसणार! त्यावर तुमच्याकडे एकच उत्तर असू शकतं, मागच्या वर्षीची वही. जानेवारीत, पाऊस नसताना, याच जागी, याच तिथीला थाळी दहा गाठींपर्यंत दिसत होती, आज तीनलाच नाहीशी होते. यावर वाद घालायला जड जातं.

पायाचं काम कसं होतं तेही पाहून घ्या. नदीत लोखंडी नळकांडं उतरवतात, आतून खोदतात. भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीचा रबडीसारखा घोळ भरतात. मग नळीतून तळापासून काँक्रीट सोडतात. ते वर चढतं तसा घोळ बाहेर ढकलला जातो. तो टाकीत घेतला तर ठीक. पण रात्री दोन वाजता काँक्रीट चालू असतं, टाकी भरलेली असते, आणि शेजारी नदी असते. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो, सोमवारी दहा वाजता येणाऱ्या माणसाला ते दिसत नाही.

तरी मला गाळापेक्षा नितळ पाण्याची भीती जास्त वाटते. सिमेंट भिजवलेलं पाणी साचू द्या, गाळ खाली बसतो आणि वर काचेसारखं पाणी राहतं. त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा क्षारी आहे ते सांगणारा आकडा, १२ च्याही वर जातो. आंघोळीच्या पाण्याला ६.५ ते ८.५ ही चौकट आहे. ८.५ आणि १२ मध्ये साडेतीनचा फरक, असं समजू नका. या मोजपट्टीवर एक पायरी म्हणजे दसपट. नऊचे अकरा झाले की शंभरपट. माशाचे कल्ले जळतात. शिवाय पाण्यात आधीच सांडपाण्याचा अमोनियम असला, तर पीएच ९ च्या पुढे त्याचा विषारी अमोनिया होत जातो.

जुवारीसारख्या मोठ्या, खाऱ्या नदीत हे बरंचसं पचून जातं, समुद्राच्या पाण्यात तेवढी ताकद असते. पचत नाही ते व्हाळांत, म्हणजे ओहोळांत. काँक्रीटची गाडी नदीत कुणी धूत नाही, ती धुतली जाते रस्त्याकडेला, व्हाळाच्या तोंडाशी. तो व्हाळ जातो खाजनात, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, आतल्या पोंयीत, तळ्यात. तिथे पाणी अडलेलं असतं आणि माशाला पळायला वाट नसते. नमुन्यांच्या नकाशावर मात्र नदीतले सहा ठिपके असतात, व्हाळावर एकही नसतो. तुम्ही काही एकच करणार असाल तर हे करा: पीएचच्या कागदी पट्ट्या घ्या आणि गाड्या धुतात त्या व्हाळावर जा. पट्टी निळी-जांभळी झाली की फोटो काढा, पट्टीसोबत रंगांचा तक्ता धरून.

विरघळलेल्या ऑक्सिजनचं थोडक्यात सांगतो. तो सगळ्यात कमी असतो पहाटे, कारण रात्रभर सगळे श्वास घेतात आणि शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही. दुपारी मोजला तर नदी ठणठणीत दिसते. नमुना तिथल्या तिथेच बांधावा लागतो. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा न ठेवता भरायची, त्यात दोन रसायनं सोडायची. ऑक्सिजन असला तर तळाशी गुळासारखा तपकिरी साका बसतो, नसला तर दुधासारखा पांढरा. मी पांढरा साका दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा शेजारी कामगारांची वस्ती होती आणि तिला संडास नव्हते. त्या माणसांना दोष देऊ नका. संडास बांधून देणं हे काम घेणाऱ्याचं काम असतं.

आणि कागदपत्रं. एका कामाचे अहवाल माझ्याकडे मत द्यायला आले होते. तीन महिन्यांचे तीन. ऑक्सिजन, पीएच, गाळ, सगळे आकडे दशांशासकट तेच. मधला महिना जून होता. म्हणजे पाऊस पडला, नदी तांबडी झाली, पण कागदावरची नदी मे महिन्यातच थांबली होती. मी शेरा मारला. पुढचा अहवाल आला, त्यात प्रत्येक आकड्याचं शेवटचं स्थान तेवढं बदललं होतं.

म्हणून मूळ अहवाल मागा. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांना दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. मिळत नसेल तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अहवाल हातात आला की आकडे नंतर बघा, आधी नमुन्याची वेळ बघा. वेळ लिहिलेलीच नसेल, तर भरतीच्या नदीत त्या आकड्याला किंमत नाही.

तुमची बाटली कोर्टात चालणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. १९७४ च्या जल कायद्यात अधिकृत नमुन्याची रीत ठरलेली आहे: समोरच्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. पण मंडळाच्या माणसाने कुठे आणि किती वाजता यायचं, हे तुमची वही सांगू शकते. 'पाणी घाण झालंय' अशा अर्जावर तो त्याच्या सवडीने येईल. 'वद्य अष्टमीला, सुकती लागल्यावर दीड तासाने, मानशीपासून पन्नास पावलांवर' असं लिहिलंत तर त्याला वेळ चुकवायला निमित्त उरत नाही.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, काय? काम चालू असताना खायच्या की नाही?

तिसरी पाणी गाळून जगते. पाणी फार गढूळ झालं की ती शिंपले मिटून बसते, आणि फार दिवस मिटून बसली की उपाशी मरते. माती खाणं हा त्यातला बारका त्रास. सांडपाण्याचे जंतू तिच्यात साठतात, म्हणून वरच्या अंगाला वस्ती असेल तर नीट शिजवल्याशिवाय खाऊ नका. तेलाचा वास आला तर शिजवूनही नको.

मावशी म्हणाल्या, "वास नव्हता. पण मागे धक्क्याचं काम चाललं होतं तेव्हा आणलेल्या तिसऱ्या चार पाण्यांनी धुतल्या, तरी दाताखाली कचकच लागत होतं."

मी विचारलं, तारीख आठवते का?

"तारीख कशाला आठवेल? पण संकष्टीचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी आम्ही खात नाही, म्हणून लक्षात राहिलं."

वद्य पंचमी. पाचाचे पावणेचार. म्हणजे पाणी सकाळी दहाच्या सुमाराला पार उतरलेलं, आणि मावशी वाळूत बसलेल्या, धक्क्यापासून समुद्राच्या बाजूला. मी खिशातली वही काढली आणि त्यांना जागा विचारली.