गायवर्गाचा वाटा घटला, म्हणजे नेमके काय घटले?

1951 च्या पशुगणनेत देशात 29.28 कोटी जनावरे मोजली गेली. त्यांत गाय-बैल 15.53 कोटी, म्हणजे शंभरातली 53. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत एकूण जनावरे 53.58 कोटी आणि गाय-बैल 19.25 कोटी, म्हणजे शंभरातली 36. हे दोन आकडे शेजारी मांडले की देशातली गाय संपत चालली, असे बोलले जाते. मात्र त्याच तक्त्यात गाय-बैलांची संख्या पावणेचार कोटींनी वाढलेली दिसते. ती 1992 साली 20.46 कोटींवर पोचली, 2003 मध्ये 18.52 कोटींपर्यंत उतरली आणि नंतर 19-20 कोटींच्या घरात घुटमळत राहिली. वाटा घसरला तो मुख्यतः छेद फुगल्यामुळे.

छेद फुगवला शेळीने. 1951 ला 4.72 कोटी असलेल्या शेळ्या 2019 ला 14.89 कोटी झाल्या. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, जुळी करडे नेहमीचीच. गाय नऊ महिन्यांहून अधिक काळ गाभण राहते, एकच वासरू देते, आणि देशी कालवड पहिल्यांदा वेतापर्यंत यायला साडेतीन-चार वर्षे सहज जातात. शिवाय बोकड कापायला विकता येतो, त्यामुळे कळपात नर साचत नाहीत. डोकी मोजायची म्हटल्यावर या शर्यतीत गाय मागे पडणारच.

पण डोकी मोजणे हेच मुळात फसवे आहे. एक शेळी आणि एक बैल यांना सारखेच एक मत देणारी ही मोजदाद. चारा, पाणी, शेण यांचा हिशोब करायचा तर जनावरांचे समान एककात रूपांतर करावे लागते. रूढ पद्धतीत 250 किलोचे जनावर म्हणजे एक एकक. त्यात गाय-बैल आणि म्हैस यांना 0.7, शेळी-मेंढीला 0.1 असा गुणांक देतात. या गुणांकांनी दोन्ही गणना पुन्हा मांडून पाहा. डुकरे, घोडे, उंट सोडून फक्त चार मोठे गट घेतले, तर 1951 मध्ये गायवर्गाचा वाटा 74 टक्क्यांच्या आसपास येतो आणि 2019 मध्ये 58 च्या आसपास. घसरण जवळजवळ तेवढीच, सोळा-सतरा अंकांची. बदलतो तो जागा घेणारा. डोक्यांच्या हिशोबात शेळ्या-मेंढ्यांनी बारा अंक मिळवले आणि म्हशीने सहा. वजनाच्या हिशोबात म्हशीने बारा मिळवले आणि शेळ्या-मेंढ्यांनी चारही नाहीत. म्हणजे गोठ्यात आणि चाऱ्यावर गायवर्गाची जागा घेतली ती म्हशीने. शेळी फक्त यादीत मोठी दिसते.

म्हैस का वाढली, याचे उत्तर दूध संकलन केंद्रावर मिळते. 1970 पासून दूध महापूर योजनेने गावोगावचे दूध बाजाराला जोडले, आणि भाव ठरवताना फॅटला मोठे वजन मिळाले. म्हशीच्या दुधाला साधारण 6 ते 8 फॅट, गाईच्या दुधाला साडेतीन ते साडेचार. दुसरे कारण कमी बोलले जाते: भाकड म्हैस किंवा रेडा विकून मोकळे होता येते, तर भाकड गाय आणि बैल यांच्या कत्तलीवर बहुतेक राज्यांत बंदी किंवा निर्बंध आहेत. म्हणूनच 2019 च्या गणनेत म्हैसवर्गात माद्या नव्वद टक्क्यांहून जास्त, तर गायवर्गात सुमारे 75 टक्के.

आता खरा मुद्दा. गायवर्गाचा आकडा फोडून नर आणि मादी वेगळे केल्याशिवाय त्यावर काही बोलूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2012 ते 2019 या काळात एकूण पशुधनातला गायवर्गाचा वाटा 37.3 वरून 35.9 टक्क्यांवर आला. याच काळात माद्या 12.30 कोटींवरून 14.51 कोटी झाल्या, 18 टक्क्यांची वाढ. नर 6.79 कोटींवरून 4.74 कोटींवर आले, 30 टक्क्यांची घट. एकूण पशुधनात गाई-कालवडींचा वाटा 24 वरून 27 टक्के झाला. बैल, वळू आणि गोऱ्हे मिळून 13 वरून 9 टक्क्यांखाली आले. घटला तो बैल, गाय नव्हे.

याची यंत्रणा साधी आहे. नांगरट, पेरणी, मळणी ट्रॅक्टरकडे गेली. वर्षाचे मोजके दिवस काम करणाऱ्या जोडीला बारा महिने वैरण घालणे छोट्या शेतकऱ्याला परवडेना. कृत्रिम रेतनामुळे गावात वळू ठेवायची गरज संपली. होल्स्टीन किंवा जर्सी संकरातल्या नराला वशिंड जवळजवळ नसते, त्यामुळे जू नीट टेकत नाही. उन्हात तो लवकर धापा टाकतो. औताला त्याचा उपयोग कमी, म्हणून तो जन्मापासूनच नकोसा. त्यात आता लिंगनिश्चित वीर्यमात्रांनी दहापैकी नऊच्या आसपास कालवडीच जन्माला येतात. 2012 ते 2019 मध्ये विदेशी व संकरित जनावरे 27 टक्क्यांनी वाढली, देशी 6 टक्क्यांनी घटली, तेही याच प्रवाहात. आणि इथे गुणांकाची पद्धत तोकडी पडते: संकरित गाय आणि किरकोळ बांध्याची देशी गाय या दोघींनाही ती 0.7 च देते. चाऱ्याचे नियोजन करताना हा फरक हाताने घालावा लागतो.

तुलना करताना काही खड्डे टाळावेत. कोंबड्या पशुधनाच्या एकूण संख्येत नसतात. 2019 च्या 85 कोटी कोंबड्या कुणी मिसळल्या तर गायवर्ग थेट 14 टक्क्यांवर येतो. मोकाट जनावरांचा आकडा, 2019 मध्ये सुमारे 50 लाख, वेगळा दिला जातो. फिरस्त्या मेंढपाळांचे कळप गणनेच्या वेळी वाटेवर असले तर एका जिल्ह्यात सुटतात, नाहीतर दोनदा धरले जातात, म्हणून जिल्हावार मेंढ्यांच्या चढउतारावर फार भिस्त ठेवू नये. वयोगटाची रेषाही सगळ्यांना सारखी नाही: संकरित नर दीड वर्षानंतर प्रौढ धरतात, देशी नर दोन वर्षांनंतर. प्रौढ नरांच्या तक्त्यात पैदाशीचे, ओढकामाचे आणि इतर असे रकाने असतात. एकविसाव्या गणनेचे आकडे हाती आले की एकूण बेरजेआधी ओढकामाचा रकाना पाहावा, आणि त्यालगतचा 'इतर'चाही. कामावरून उतरलेला, पण दावणीला असलेला बैल तिथेच सापडतो.