ब्रास भरला कुणी?

नमस्कार श्रोतेहो.

रंकाळा तलावाच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आपल्या गावाचं दगडाशी नातं इतकं जुनं आहे. देवळं, घाट, तट बांधणाऱ्या राजांची नावं आपल्याला पाठ असतात. दगड फोडणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, आणि त्यातल्या बायकांची तर नाहीच नाही. आज त्यांच्याबद्दल बोलू या.

टोप-संभापूरच्या बाजूला महामार्गावरून जाताना कापलेले डोंगर आणि क्रशरची, म्हणजे खडी फोडणाऱ्या यंत्रांची, धूळ तुम्ही पाहिली असेल. खडी हातानं फुटत होती तेव्हा कामाची वाटणी ठरलेली होती. सुरुंग, पहार, घण पुरुषाकडे. निघालेला डबर, म्हणजे मोठे ओबडधोबड दगड, हातोड्यानं फोडून खडी करायची, बुट्टीनं वाहून ढीग लावायचा, ट्रक भरायचा, हे बाईकडे. पोराला सावलीला निजवून ती बसायची, आणि चुलीचं जळण, प्यायचं पाणी हेही तिनंच बघायचं. हिशोब ब्रासवर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तो भरायचा नवरा-बायकोनं मिळून. पण उचल, म्हणजे ठेकेदाराकडून आगाऊ घेतलेली रक्कम, नवऱ्याच्या नावावर, आणि पैसेही त्याच्याच हातात.

ऊसतोडीतला कोयता तुम्हाला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाणीतही तीच तऱ्हा. मजुरी कमी मिळायची हे खरंच, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नव्हती. 1976 साली समान वेतनाचा कायदा आला. तो चांगलाच होता, पण समान की असमान हे ठरवायला दोन आकडे लागतात. इथं आकडा एकच, तोही कारभाऱ्याच्या नावापुढे.

मग क्रशर आले. पहारीच्या जागी ड्रिल आलं, पोकलेन आलं, डंपर आले, आणि त्यांवर पुरुष बसला. हातोड्याच्या जागी क्रशर आला तेव्हा बाईला मात्र कुणी यंत्रावर बसवलं नाही. तिच्या वाट्याला झाडलोट, वेचणी, नाहीतर दुसरीकडची रोजंदारी. तिला कामावरून काढल्याची नोंदही कुठं नाही, कारण ती कामावर असल्याचीच नोंद नव्हती.

वडार आणि पाथरवट घरांतल्या बायकांचा आणखी एक धंदा होता. पाटा-वरवंटा, जातं विकायचं, दारोदार फिरून जात्याला टाकी लावून द्यायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून द्यायचा. तो पैसा थेट त्यांच्या पदरात पडायचा. गिरण्या आणि मिक्सर आले आणि तो आटला. आता रस्त्याकडेला खलबत्ते मांडून बसलेल्या दिसतात. आणि आपण गाडीतून उतरून तिथं घासाघीस करतो. असो.

कायद्यानं काय केलं? झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत बायका खाली उतरून कोळसा वाहत असत. 1929 पासून त्यांना हळूहळू बाहेर काढलं, 1937 मध्ये पुरती बंदी आली. कारण दिलं त्यांच्या सुरक्षिततेचं. 1943 मध्ये महायुद्धात कोळसा कमी पडला, तशी बंदी उठली. युद्ध संपलं, 1946 मध्ये बंदी परत लागू. बायकांच्या जिवाची एवढी काळजी होती, तर मधली तीन वर्षं ती काळजी कुठं गेली होती, कोण जाणे! 1952 च्या खाण कायद्यातही ही बंदी राहिली. 2019 मध्ये ती सैल झाली. उघड्या खाणीत रात्रपाळी आणि जमिनीखाली तांत्रिक, देखरेखीची नि व्यवस्थापनाची कामं बायकांना खुली झाली. इंजिनिअर झालेल्या मुलीला वाट मिळाली, आनंदच आहे. बुट्टी उचलणारीच्या हाती त्यातून काही लागलं नाही.

आपल्या पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, बॉक्साइट आहे, ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात. दुर्गमानवाडीची खाण तुम्हाला ऐकून माहीत असेल. तिथं ट्रक आणि यंत्रं पुरुषांकडे. बाईचा संबंध येतो तो झऱ्याशी. सड्यावरचा जांभा पावसाचं पाणी मुरवून धरतो, ते खाली झऱ्यांना मिळतं. तो खणला की झऱ्याला धक्का पोचतो. मग लांबच्या पाण्याला हंडा घेऊन कोण जातं, हे मी सांगायला नको. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाचा निधी आहे. खाणपट्टेधारक त्यात पैसे भरतात. पिण्याचं पाणी आणि महिला-बालकल्याण ही त्यातली प्राधान्याची कामं. आपल्या गावात त्यातून काय झालं, हे ग्रामसभेत जरूर विचारा.

शेवटी एक कामाची गोष्ट. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या यादीत दगड कापणं, फोडणं, चुरा करणं ही कामं आहेत. वय 18 ते 60, आणि गेल्या वर्षभरात किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला, एवढ्यावर नोंदणी होते. पण बहुतेक वेळा दाखला एकच निघतो, नवऱ्याच्या नावाचा. दोघं राबत असतील तर दाखले दोन मागा, ठेकेदाराकडे नाहीतर ग्रामसेवकाकडे. नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, तेवढं विसरू नका.

नमस्कार.