मिशनच्या कंपाउंडातले मंदिर आणि त्याच्या भोवतीची वस्ती

(गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

बसथांब्याकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला जी मोकळी जागा लागते, तिथे चर्च उभे होते. जुनी माणसे त्याला ‘गिरजा’ म्हणत, मंडळीतले, म्हणजे इथल्या ख्रिस्ती उपासक समाजातले, लोक मात्र ‘मंदिर’ म्हणत आले, आणि ज्यांचे ते होते त्यांचाच शब्द मी आज वापरणार आहे. ते पाडले जात असताना मी इथल्या शाळेत शिक्षक होतो. रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहत असे. पण एकदाही फीत लावून भिंत मोजली नाही, याची खंत मला आजही आहे. आजचे हे बोलणे म्हणजे ती राहून गेलेली मोजणी दुसऱ्या मार्गाने करण्याचा प्रयत्न आहे.

मंदिर 1865 साली बांधले, असे गावात सर्रास सांगितले जाते. त्याचा आधार म्हणजे माझ्यासमोर टेबलावर ठेवलेले हे मंगलोरी कौल. ते पालथे केले की शेवाळाच्या काळ्या थराखाली रोमन लिपीतली उठावाची अक्षरे बोटाला लागतात : ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’, आणि त्याखाली 1865. परंतु हे साल मंदिराचे नाही, या कौलाचेही नाही. ते कारखान्याच्या स्थापनेचे आहे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनने त्या वर्षी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आपले वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोचला, आणि त्याआधी समुद्रकाठची कौले बैलगाडीने घाट चढवून इथवर आणणे कोणाला परवडले असते असे मला वाटत नाही. दुसऱ्या बाजूची मर्यादाही याच शिक्क्यातून मिळते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि 1919 साली ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे या नावाचे कौल त्याआधीचे. त्यातही आपल्या भागात अकोला-खामगावकडून ज्या अलायन्स मिशनचे काम चालले, त्याच्या मूळ संघटनाच अमेरिकेत 1887 साली स्थापन झाल्या आणि 1897 साली एकत्र आल्या. तेव्हा 1865 हे साल आपण सोडून द्यावे. अर्थात छताचे वय म्हणजे भिंतींचे वय नव्हे, कौले मागाहूनही चढवता येतात, एवढी सावधगिरी मी बाळगतो.

भिंतींच्या वयापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती त्यांच्याभोवतीची वस्ती. वऱ्हाडात 1896-97 साली दुष्काळ पडला आणि तो सावरतो न सावरतो तोच 1899-1900 चा, म्हणजे विक्रम संवत 1956 मधला ‘छप्पनचा’ दुष्काळ आला. 1891 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 साली साडेसत्तावीस लाखांवर आली होती. त्या काळात आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आश्रमांत पोचली आणि त्यांतली काही मोठी होऊन, लग्ने करून, आपल्या गावच्या कंपाउंडात राहायला आली. मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, परवानगी दिल्यामुळे मला बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहता आली. त्यातली नावे मी इथे वाचणार नाही, कारण त्यांची नातवंडे-पतवंडे आज सभागृहात बसलेली आहेत. पण त्या पानांचे रूप सांगतो. मुलाच्या नावाचा रकाना भरलेला, वयाच्या रकान्यात ‘अंदाजे’ हा शब्द, आणि बापाचे नाव, आईचे नाव, मूळ गाव या तीन रकान्यांत एकाखाली एक आडव्या रेघा. टाक शाईत बुडवून ओढलेली प्रत्येक रेघ सुरुवातीला जाड आहे आणि शेवटी पुसट होत गेली आहे. आपल्याकडे कोणाला पूर्वज शोधायचे झाले तर तो तहसिलीत कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागतो, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहतो. या कुटुंबांचा माग मात्र त्या रेघांपाशी येऊन थांबतो. त्यांची वंशावळ या वहीपासून सुरू होते, आणि ती वही मंदिराच्या लाकडी कपाटात होती. म्हणून मंदिर पडले तेव्हा त्या वस्तीतली म्हातारी माणसे कोणी घरातले गेल्यासारखी ओट्यांवर बसून होती.

वस्तीची दुसरी खूण म्हणजे मिशनची विहीर. गावातल्या इतर विहिरींवर जातीची बंधने होती, त्या काळात इथे कोणालाही दोर सोडता येत असे, असे मी सर्व समाजांतल्या वृद्धांकडून ऐकले आहे. तिच्या काठाचा दगड आजही पाहता येईल. त्यावर दोरांनी पाडलेल्या खाचा आहेत, आणि सर्वांत खोल खाचेत माझी करंगळी पेरापर्यंत बसते. बाकी कंपाउंडात शाळेची एक खोली आणि बायबलबाईंचे, म्हणजे बायकांना बायबल वाचून सांगणाऱ्या मिशनच्या सेविकांचे, घर होते. त्यांचे आता काहीही उरलेले नाही.

मंदिर कोणी सूडाने पाडले, अशीही एक वदंता आहे आणि ती निराधार आहे. ते मंडळीनेच, प्रार्थना करून, उतरवले. कारण होते आपली काळी जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. पाळकांचा बंगला मुरमाच्या उंचवट्यावर असल्याने टिकला. मंदिर रस्त्यालगत, सखल भागात होते. वेदीमागच्या भिंतीला गेलेली भेग दरवर्षी चुन्याने बुजवली जाई आणि दर वैशाखात ती पुन्हा उघडे. शेवटी छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्यांना वाळवी लागली आणि खाली बसून उपासना करणे धोक्याचे झाले.

कागदपत्रांचा शोध कठीण जातो, याला आपल्या प्रदेशाचा इतिहासच कारण आहे. 1853 पासून वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे निजामाकडे नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीमार्फत, चाले. 1903 साली तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि दप्तर नागपूरकडे वळले. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो. एका लहानशा जागेचे कागद असे तीन दिशांना पांगतात. मी आतापर्यंत तलाठी कार्यालयातला नकाशा आणि फेरफार एवढेच पाहू शकलो आहे.

शेवटी एक विनंती करतो. मंदिराच्या जोत्याच्या दगडांची उत्तरेकडची ओळ जमिनीत शिल्लक आहे, त्यामुळे लांबी मला मिळाली आहे. दक्षिणेकडची बाजू रस्त्याखाली गेली, म्हणून रुंदी मिळत नाही. पाडकामानंतर सागवानी कैच्यांचे चांगले उरलेले लाकूड गावातच विकले गेले आणि ते काही घरांत व गोठ्यांत लागलेले आहे. ज्यांच्याकडे कैचीचे आडवे तुळवट, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारे लाकूड, अखंड असेल, त्यांनी मला कळवावे. मी फीत घेऊन येईन. दोन्ही टोकांना भिंतीवर टेकल्याच्या खुणा असतील, तर त्यांच्यामधले अंतर हीच मंदिराची आतली रुंदी.