अमळनेर ते नवापूर: धावत्या गाडीतला कॉल टॉवर कसा बदलतो?

नमस्कार. अमळनेरला मुलगा सुरतच्या गाडीत बसतो, गाडी सुटते आणि पाच मिनिटांत घरून आईचा फोन येतो, "जागा भेटनी का?" खान्देशातून कामधंद्यासाठी उधना-लिंबायतला गेलेल्या घरांना हा प्रश्न पाठ असेल. गाडी ताशी ९० किलोमीटरने धावत असेल, तर ती सेकंदाला २५ मीटर अंतर कापते. वाटेतले टॉवर तीन-तीन किलोमीटरवर आहेत असे धरले, तर दर दोन मिनिटांनी हा कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो आणि मायलेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. ही सोपवणूक, म्हणजेच हँडओव्हर, कशी होते ते आज समजून घेऊ.

आधी मुलाचा फोन वाजला कसा, ते पाहू. खिशात स्वस्थ पडलेला फोन नेमक्या कोणत्या टॉवरखाली आहे, हे नेटवर्कला माहीत नसते. त्याला माहीत असतो तो फक्त परिसर, म्हणजे अनेक टॉवरचा मिळून केलेला एक गट. परिसर बदलला की फोन स्वतःहून तशी वर्दी देतो. आईने नंबर लावल्यावर तो सध्या कोणत्या कंपनीकडे आहे, हे प्रथम तपासले जाते, कारण २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मग त्या कंपनीच्या नोंदीतून परिसर सापडतो आणि तिथल्या टॉवरवरून जणू दवंडी पिटली जाते. या दवंडीत मुलाचा मोबाईल नंबर उच्चारला जात नाही. नेटवर्कने त्या फोनला दिलेला एक तात्पुरता क्रमांक पुकारला जातो, आणि तो ओळखून फोन उत्तर देतो. अनेकांना वाटते की आपला आवाज उपग्रहावरून जातो. प्रत्यक्षात हवेतला प्रवास मुख्यतः फोनपासून टॉवरपर्यंतचाच असतो, पुढे बहुतेक वाट जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरची असते.

आता हा माझ्या हातातला फोन पाहा. सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची ताकद डीबीएम या डेसिबलवर आधारलेल्या एककात दिसते. इथे गच्चीवर ती उणे ८० आहे, आणि जिन्याने खाली मधल्या खोलीत आलो की उणे ११० होते. हा फरक ३० चा दिसत असला, तरी दर १० मागे ताकद दहा पटींनी घटते, म्हणजे खोलीत पोहोचणारा सिग्नल गच्चीच्या हजाराव्या भागाइतकाच आहे. कॉल चालू असताना फोन स्वतःच्या टॉवरबरोबर शेजारच्या टॉवरचीही अशीच मोजणी करत राहतो आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की ती कळवतो. निर्णय मात्र टॉवरचा असतो. शेजारी जरासा वरचढ दिसला म्हणून लगेच कॉल हलवला, तर तो दोन टॉवरमध्ये चेंडूसारखा फिरत राहील. म्हणून शेजाऱ्याचा सिग्नल काही डेसिबलने अधिक असावा आणि तो काही काळ तसाच टिकावा, अशी अट घातलेली असते.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत सुंदर वाटतो. जुना टॉवर नव्या टॉवरला आधीच विचारतो की तुझ्याकडे जागा आहे का. नवा टॉवर जागा राखून ठेवतो, तिथे कसे शिरायचे याचा तपशील जुन्या टॉवरमार्फत फोनला मिळतो, आणि मगच फोन जुनी जोडणी सोडतो. ४जीमध्ये बोलणे २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जाते. बदलाच्या त्या क्षणी जुन्या टॉवरकडे आलेले तुकडे तो नव्याकडे पुढे पाठवतो, त्यामुळे मुलाला आईचा शब्द तुटल्याचे जाणवत नाही.

मग कॉल कट का होतो? चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना एखाद्या वळणावर डोंगर आड येतो आणि सिग्नल क्षणात कोसळतो. शेजारी टॉवर चांगला असल्याची बातमी जुन्या टॉवरपर्यंत पोहोचवायची असते ती याच खचलेल्या जोडणीवरून, आणि त्याचा हुकूमही हिच्यावरूनच परत यायचा असतो. दोन्हींपैकी काहीही वाटेत हरवले तर सोपवणूक राहून जाते. फोन तुटलेली जोडणी पुन्हा जुळवण्याची धडपड करतो, पण तोपर्यंत उशीर झाला तर कॉल जातो. शेजारी वरचढ असण्याची ती अट सैल केली, तर सपाटीवरचे कॉल विनाकारण फिरू लागतात, म्हणून घाटातल्या टॉवरची मांडणी वेगळी जुळवावी लागते.

सारंगखेड्याच्या यात्रेच्या गर्दीत अडचण उलटी असते. रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण टॉवरकडे जागाच शिल्लक नसल्याने तो नव्या कॉललाही नकार देतो आणि शेजारून येणाऱ्या कॉललाही.

आपली गाडी एव्हाना नवापूरला आली आहे. हे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत पसरलेले आहे, आणि मोबाईल सेवेचे परवानेही दोन्हीकडे वेगळ्या सर्कलचे, म्हणजे सेवाक्षेत्रांचे, आहेत. चालू कॉल ही सीमा ओलांडायला हवा असेल, तर कंपनीने आपल्या दोन्ही सर्कलमधल्या टॉवरना एकमेकांचे शेजारी म्हणून ओळख करून दिलेली असावी लागते. तशी ओळख नसेल, तर फलाट संपायच्या आत बोलणे तुटते आणि मुलाला आईचा नंबर पुन्हा लावावा लागतो.