तू जेवत का नाहीस?

यज्ञ चालू आहे. दक्षिणेच्या गायी समोरून जात आहेत. कठोपनिषदातल्या या गायी जरा जवळून पाहा: शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. सर्वस्व दान करायला निघालेला बाप असल्या गायी देतोय, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला ते दिसतंय. नचिकेत बापाला खोटं म्हणत नाही. तो एवढंच विचारतो, "तात, मला कुणाला देणार?" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाप चिडतो: "मृत्यूला देतो तुला!"

यमाच्या दारात तीन रात्री उपाशी काढल्यावर मुलाला तीन वर मिळतात. मरणापलीकडचं ज्ञान तो तिसऱ्या वरात मागतो. पहिल्या वरात काय मागतो? बापाचा राग शांत व्हावा, आणि मी परत गेलो की त्यानं मला ओळखून माझ्याशी बोलावं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

शेक्सपिअरचा लिअर राजा ऐंशी ओलांडलेला. राज्य वाटताना तो लेकींना विचारतो, माझ्यावर जास्त माया कुणाची? धाकटी कॉर्डेलिया आपली माया तशी बोलून दाखवू शकत नाही. तेवढ्यावरून घर मोडतं. मराठी रंगभूमीवर १९७० साली आलेल्या 'नटसम्राट'मध्ये अप्पासाहेब बेलवलकरही असंच सगळं मुलांना वाटून मोकळे होतात, आणि चोरीचा आळ येतो तो लाडक्या लेकीच्या घरात.

आता एक पत्र. नोव्हेंबर १९१९. छत्तीस वर्षांचा लेखक फ्रान्झ काफ्का वडिलांना लिहितोय. सुरुवात वडिलांच्याच प्रश्नानं होते: तुला माझी भीती का वाटते? उत्तर शंभराहून जास्त पानं चालतं. त्यात लहानपणची एक रात्र आहे. पोर पाण्यासाठी रडत होतं, थोडं तहानेनं, थोडं उगाच. वडिलांनी उचललं, बाहेरच्या सज्जात नेलं आणि दार लावून घेतलं. अंगात नुसता रात्रीचा सदरा. इतक्या वर्षांनंतरही तो मुलगा त्या बंद दाराबाहेरच उभा आहे. पत्र वडिलांपर्यंत कधी पोचलं नाही.

आणि रशियन लेखक तुर्गेनेव्ह. 'पिता-पुत्र', १८६२. या कादंबरीचं नाव निघालं की लोक नव्या-जुन्या विचारांच्या वादाबद्दल बोलतात. मला मात्र आठवतात ती तिचा तरुण नायक बाझारोव याची म्हातारी आई आणि सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर वडील. तीन वर्षांनी आलेला मुलगा तीन दिवसांत निघतो. वडील कसंबसं म्हणतात, तीन वर्षांनंतर तीन दिवस... कमीच झाले. तो पुन्हा घरी येतो, तेव्हा आई हळूच नवऱ्याला सांगते, जेवायला कोबीचं सूप करू की बिटाचं, विचारा ना त्याला. तूच का नाही विचारत? नको, त्याला माझा कंटाळा येईल.

पुढे टायफसनं गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन करताना बाझारोवचं बोट कापतं. तो वडिलांकडे जखम डागायला औषध मागतो. कापून किती वेळ झाला? चार तासांहून जास्त. वडील डॉक्टर आहेत. त्यांना कळायचं ते कळतं. तरी ते जखम डागतात. मग दोन दिवस मन घट्ट करून गप्प राहतात, चोरून मुलाकडे पाहतात. असंच पाहत राहिलात तर मी निघून जाईन, असं मुलगा बजावतो. तिसऱ्या दिवशी तो ताटावर मान खाली घालून बसलाय, घास उचलत नाही. म्हाताऱ्याला आता राहवत नाही. चेहरा शक्य तितका निश्चिंत ठेवून तो विचारतो, "तू जेवत का नाहीस? जेवण तर चांगलं झालंय."