कालवा

नमस्कार मंडळी. दुपारी आजी जरा आडवी झाली, की नेमकं तेव्हाच आमचं सोप्यातलं खेळणं रंगायचं. मग माजघरातून आवाज यायचा, "काय कालवा लावलाय रे पोरांनो! गप्प बसा बघू."

कालवा हा एकट्याचा नसतो. एकटा ओरडतो तेव्हा तो बोंबलतो. चारजण एकदम बोलायला लागले, कोण काय म्हणतोय ते कुणालाच कळेना झालं, की तो कालवा. भाकरी आमटीत कालवली की कुठला घास कशाचा हे सांगता येत नाही, तसंच. म्हणून मला तरी हा शब्द कालवणाच्याच घरचा वाटतो. कट्ट्यावरच्या बिनकामाच्या बोलण्यालाही आजी कालवाच म्हणायची. त्यात राजकारण असलं तर हमखास.

पण आपल्या बेळगाव भागात दुसराही कालवा आहे, पाण्याचा. हा आला कन्नडमधून, 'कालुवे'वरून. धूपदाळच्या बंधाऱ्यापासून घटप्रभेचा डावा कालवा निघतो, तिकडं गोकाकच्या बाजूला माझं आजोळ. कालव्याला पाणी सुटलं की पाळीवरून जो कालवा सुटायचा, तो विचारू नका!

आपण कालवा घेतला, तसं थोडं दिलंही. शेजारच्या अक्का आपल्या पोरांवर ओरडायच्या, "गद्दल माडब्याड, गप्प कुंदर!" म्हणजे गोंधळ करू नका, गप्प बसा. या कन्नडमधलं 'गप्प' आपलं. मराठीची गंमत बघा, गप्प म्हणजे तोंड बंद. त्याला एक काना दिला की गप्पा, मग तोंड बंदच होत नाही.

हे दोन कालवे एकदा माझ्यामुळं एकमेकांत मिसळले. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेला आईबरोबर गेलो होतो. 'उदो गं आई उदो'चा गजर, चौंडकी, भंडारा, बैलगाड्यांची दाटी. त्यात आईचा पदर माझ्या हातून सुटला. तासाभरानं सापडलो म्हणा. पण तोवर गावाकडं परतणाऱ्या एका गाडीवाल्याला कुणीतरी सांगून बसलं होतं, आणि त्यानं घरी जाऊन निरोप दिला, "तुमचा नातू कालव्यात गेला."

निरोप देणारा गर्दीतला कालवा म्हणत होता. ऐकणाऱ्या आजोबांच्या घरामागून मात्र पाण्याचा कालवा वाहत होता. त्यांच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल! दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ते उंबऱ्यात बसलेले. अंगणात बायकांचा कालवा चाललेला, आई गाडीवाल्यावर चिडलेली, आजी भाकरतुकडा ओवाळायला धावतेय. आजोबा काहीच बोलले नाहीत. मला जवळ ओढलं आणि माझा सदरा खालीवर चाचपून बघितला.

कोरडा होता.